लेखनिक : मुलगी, वय अंदाजे नऊ

जुनी पत्रं संगणकावर उतरवायच्या फॉर्ममध्ये दोन वेगळ्या चौकटी आहेत हे मैत्रीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक पत्र पाठवणाऱ्याच्या नावाची, दुसरी पत्र लिहिणाऱ्याच्या नावाची. जर्मन माणसाला एका गोष्टीचे दोन भाग करून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, असं म्हणून तिनं तेव्हा ते सोडून दिलं होतं. आठ महिन्यांत चाळीस पत्रं भरून झाली आणि चाळीसही वेळा दोन्ही चौकटींत एकच नाव पडलं : टायग डेनेही. ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी मात्र एक्केचाळिसावं पत्र स्क्रीनवर उघडलं आणि तिचा हात माउसवर होता तिथंच राहिला. अक्षर टायगचं नव्हतं. पेन्सिलीनं आखलेल्या रेघा, त्यांच्यावर मोठी, गोल, एकमेकांना धरून उभी राहिलेली अक्षरं. प्रत्येक वाक्य त्याच दोन शब्दांनी सुरू होत होतं. आई म्हणते, सही करू नका. आई म्हणते, आमचं भागतंय. आई म्हणते, गाय व्याली आणि वासरू धड आहे. खाली टायगच्या बायकोचं नाव, नोरा, आणि त्याच्याही खाली अगदी कोपऱ्यात, हे मी आईसाठी लिहिलं आहे. मैत्रीनं चष्मा काढला, डोळे चोळले. हल्ली तिचे डोळे दुपारी दोनलाच थकत. पाठ तर सकाळपासूनच कुरकुरायची. तिनं खिडकी उघडली, बाहेरच्या गार हवेत दोन मिनिटं उभी राहिली आणि पुन्हा येऊन बसली. पत्र तिथंच होतं.

टायग डेनेही हा आयर्लंडच्या कुठल्याशा ओल्या, गरीब तालुक्यातला व्हायोलिन वाजवणारा. लग्नात, बारशात, जत्रेत वाजवायचा. बाकीच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात राबायचा. तिकडच्या यादवीत तो प्रजासत्ताकवाल्यांच्या बाजूनं गेला, बावीस साली पकडला गेला आणि तारेच्या कुंपणात पडला. हायडेलबर्गच्या एका प्राध्यापकानं पुढं लोकसंगीत गोळा करायच्या नादात त्याच्या घरून, त्यानं लिहिलेल्या आणि त्याला आलेल्या पत्रांचा गठ्ठा आणला आणि तो इथल्या कपाटात ऐंशी वर्षं पडून राहिला. आता तिकडच्या सोळा सालच्या उठावाला शंभर वर्षं झाली म्हणून सगळ्यांना आठवण आली, निधी आला आणि दोन-दोन वर्षांच्या करारांवर अठरा वर्षं या देशात काढलेल्या मैत्रीला आणखी दोन वर्षं मिळाली. पत्रांत तो घरच्यांची खुशाली विचारायचा, व्हायोलिनच्या तारा मागायचा. त्याचं व्हायोलिन काढून घेतलं होतं म्हणून त्यानं चहाच्या खोक्याच्या फळ्यांचं एक तयार केलं होतं, आणि सुचलेल्या चाली तो मजकुराच्या मधेच स्वरांच्या अक्षरांत लिहून पाठवायचा, विसरू नयेत म्हणून. छावणीतल्या कुणा साहेबाला ती सांकेतिक भाषा वाटली. त्यानं त्या ओळी काळ्या शाईनं खोडल्या. खोडलेलंही जेवढं दिसतं तेवढं उतरवून घ्यायचं असा प्रकल्पाचा नियम होता. मैत्री ते उतरवताना हळूच गुणगुणायची. तिला नोटेशन येत नव्हतं, पण चाल कुठं श्वास घेते ते कळत होतं. शाहिराच्या घरात वाढलेल्या पोरीला तेवढं कळतंच.

आणि एकोणचाळिसाव्या पत्रात टायगनं लिहिलं होतं की इथं कागद फिरतोय. पुन्हा हत्यार धरणार नाही असं लिहून सही केली की घरी सोडतात. रोज दोघं-तिघं जातात. बाकीचे त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात. तू सांगशील तसं करतो. हे मैत्रीनं दोनदा वाचून मग टाइप केलं होतं. तुरुंग म्हटला की असा कागद येतोच कुठून तरी, तिनं स्वतःला समजावलं, आणि पुढं गेली. आज मात्र पुढं जायला जागा नव्हती. दुसऱ्या चौकटीत लिहायचं होतं : लेखनिक, मुलगी, वय अंदाजे नऊ. आणि त्याच्या खाली एक बारीक यादी उघडत होती, शब्दांची विश्वसनीयता. खात्रीशीर, संशयास्पद, अज्ञात. तीनपैकी एक निवडल्याशिवाय पान पुढं सरकत नव्हतं.

प्रकल्पप्रमुख फ्राऊ लिंडनर कॉफीचा कप घेऊन आत आल्या. साठीच्या, बारीक केसांच्या, मनानं चांगल्या बाई. त्यांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘‘मुलीचा हात! किती गोड,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खात्रीशीर टाका. मुलं अशा वेळी खोटं लिहीत नाहीत, हो ना?’’

‘‘गेनाऊ,’’ मैत्री म्हणाली. अगदी बरोबर. आणि खात्रीशीरवर बोट दाबलं. त्या आयरिश पोरीपुरतं ते खरंच होतं. पुढचं, बेचाळिसावं पत्र तिनं मघाशीच उघडून पाहिलं होतं; त्यात टायगनं सही केली नसल्याचं लिहिलंच होतं. ती पोरगी प्रामाणिक निघाली होती. आईनं सांगितलं तसं लिहून ती मोकळी झाली. जगात अशा पोरी असतात.

ट्राममध्ये तिला बसायला जागा मिळाली आणि बसल्यावर कळलं की आपण किती थकलोय. माय आठवडाभरात, म्हणजे शनिवारीच, परत जाणार होती. तीन महिन्यांचा व्हिसा संपत आला होता. पंच्याहत्तरी गाठलेली माय पुन्हा एवढा प्रवास करणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं, कुणी बोललं नव्हतं. गेले जवळजवळ तीन महिने मैत्री रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. आणि रोज काहीतरी आडवं यायचं. कधी लेकीची, इराची क्लासटेस्ट, कधी मायचे गुडघे, कधी वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणारा आणि शुक्रवारी रात्री घरी येणारा नवरा, उज्ज्वल. खरं म्हणजे आडवी ती स्वतःच येत होती. सदोतीस वर्षं जे घशाखाली ठेवलं ते चार दिवसांत वर कसं काढायचं? न सांगता माय गेली तर मग ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं तो तर केव्हाच गेला होता.

तिचे आबा, राजानंद शाहीर. जन्मतः राजाराम, छप्पन सालच्या दीक्षेनंतर राजानंद. जालन्याच्या वस्तीत दिवसा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर नोकरी आणि संध्याकाळी जलसा. पेटी वाजवायचे, डफ वाजवायचे आणि गाताना डावा हात कानाशी न्यायचे. नामांतराचं आंदोलन पेटलं तेव्हा ते गावोगाव गात फिरले. आसपासच्या खेड्यांत घरं जळत होती, माणसं जीव घेऊन वस्तीत येत होती, त्यांच्या चुलीही मायच्या अंगणात पेटत होत्या. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मोर्चातून आबांना धरून नेलं. सोबत वस्तीतली अकरा माणसं. मैत्री तेव्हा चौथीत होती आणि घरात अक्षर येणारी ती एकटी. पत्र आलं की माय हात पुसून समोर बसायची आणि मैत्री मोठ्यानं वाचायची. आबांची पत्रं छान असायची. त्यांत कडवी असायची, तुरुंगातल्या डाळीची टिंगल असायची. मग एक पत्र आलं त्यात कडवं नव्हतं. हमीपत्र मागतायत, आबांनी लिहिलं होतं. पुन्हा आंदोलनात पडणार नाही असं लिहून सही दिली की सोडतात. वस्तीतल्या कुणी अजून दिली नाही. तू सांगशील तसं करतो, द्रौपदा.

माय भाकरी थापत होती. थापता थापताच तिनं सांगायला सुरुवात केली आणि मैत्रीनं पोस्टकार्ड मांडीवरच्या पाटीवर ठेवलं. लिही, माय म्हणाली. सही करू नका. लोकांची घरं जळाली, आपन सही द्यायची का? आमचं भागतंय. मी निंदायला जाते. पोरगी साळंत जाते. तुमी काळजी करू नका. तव्यावर भाकरी टाकून माय वळली आणि म्हणाली, लिवलं का? वाच. मैत्रीनं वाचलं. एकही शब्द न चुकवता, मायनं सांगितलं तस्संच, कार्डाकडे बघून. कार्डावर मात्र ते नव्हतं. कार्डावर काय होतं ते तिला आजही कानामात्रेसकट पाठ होतं. शाळेतल्या कविता विसरल्या, प्रबंधाचा विषय सांगतानासुद्धा हल्ली अडखळायला होई, पण ते कार्ड नाही. तिला रात्री भीती वाटायची. वस्तीच्या तोंडाशी माणसं काठ्या घेऊन जागत बसायची, कुत्रं भुंकलं तरी सगळे उठायचे आणि आबांच्या जागेवर दुसऱ्या गावचं कुणीतरी झोपलेलं असायचं. बस, एवढंच. त्यात कसलं कारस्थान नव्हतं. तिला आबा घरी हवे होते आणि हातात पेन्सिल होती.

आबा अकराव्या दिवशी आले. बाकीची माणसं चार महिन्यांनी आली. त्यांच्या स्वागताला सारी वस्ती स्टेशनवर लोटली, हार, निळे झेंडे, डफ. आबा त्या दिवशी घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. कुणी त्यांना मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त एक नाव पडलं : सहीवाले शाहीर. जलशाला बोलावणं यायचं थांबलं. त्यांनी डफ दुसऱ्या पार्टीला देऊन टाकला, पेटी विकली. टाकीवर जायचे, यायचे. आणि माय त्यांच्याशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर ताट वाढायची, कपडे धुवायची, पण बोलायचं ते मैत्रीमार्फत. तुझ्या बापाला सांग, जेवून घे म्हणावं. तुझ्या बापाला विचार, पगार झाला का? आबाही तसंच करायचे. एका खोलीत, तीन हातांवर बसून. मैत्री मधे उभी राहायची आणि निरोप इकडून तिकडे पोचवायची. थोडे गोड करून, थोडे कापून. चौऱ्याण्णव साली नामांतर झालं, वस्तीत पेढे वाटले, रात्रभर गाणी झाली. आबांनी दार लावून घेतलं. त्या रात्री मैत्रीनं सांगायचं ठरवलं होतं. सकाळी आबा अंघोळ करून कामावर निघून गेले आणि तिनं नाही सांगितलं.

आबांना आपण फसवलं. मायचा निरोप समजून त्यांनी सही केली आणि जन्मभर त्याचं मोल चुकवलं. हे वाक्य तिनं इतक्या वर्षांत इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. त्यात आता टोचायला काही उरलं नाही, असंही तिला कधी वाटे. आज त्या आयरिश पोरीच्या गोल अक्षरांनी ते पुन्हा टोचलं. संध्याकाळी निघण्यापूर्वी तिनं शेवटची पत्रंही चाळून पाहिली होती. टायग आणखी चौदा महिने आत राहिला. ओलीनं त्याची बोटं आखडली. शेवटच्या पत्रात तो म्हणतो, आता तारा पाठवू नकोस. म्हणजे सही केली तरी वाद्य जातं आणि नाही केली तरी जातं. ट्राममध्ये तिनं या विचाराला टेकून पाहिलं, जरा बरं वाटेल म्हणून. पण टायगकडे पाठ करून कुणी उभं राहिलं नव्हतं. तो विचार काही तिला पेलेना. तिचा थांबा आला आणि ती उतरली.

घरी हायत्सुंगला पाठ लावून माय स्टुलावर बसली होती. हा गरम पत्रा तिला जर्मनीतली एकमेव कामाची गोष्ट वाटायची. ओट्यावर झाकलेल्या भाकरी होत्या. तुर्की दुकानातून ज्वारीचं म्हणून आणलेलं काहीतरी पीठ होतं आणि माय रोज त्याला नावं ठेवत रोज त्याच्याच भाकरी करत होती. चौदा वर्षांची इरा कानात बोंडं घालून आली, फ्रिज उघडून दही घेतलं.

‘‘भाकरी खा की गं, बाई,’’ माय म्हणाली.

‘‘इश हाब काइनेन हुंगर,’’ इरा म्हणाली. भूक नाही. आणि खोलीत गेली.

‘‘काय म्हनली?’’

‘‘शाळेत जेवलीय म्हणते. भाकरी उद्या डब्यात नेईन म्हणाली,’’ मैत्रीनं सांगितलं. आणि सांगता सांगताच तिला स्वतःचा वीट आला. साध्या चार शब्दांना तिनं डबा जोडला होता. कुणी सांगितलं होतं जोडायला? पण जीभ सवयीनं चालली. तिनं कोटही काढला नव्हता. ती तशीच मायच्या समोर जमिनीवर बसली.

‘‘माय, एक सांगायचंय. आबांना तू सांगितलेलं कार्ड मी लिहिलं नाही.’’

‘‘कोनतं कार्ड?’’

‘‘सही करू नका म्हणालेलीस ते. मी उलटं लिहिलं. सही करा म्हणून. आणि तुला वाचून दाखवताना खोटं वाचलं.’’

मायचे हात गुडघ्यांवर होते ते तसेच राहिले. मैत्रीला वाटलं ऐकू गेलं नसावं. मायला एका कानानं कमी ऐकू येत होतं. ती पुन्हा सांगणार तेवढ्यात माय म्हणाली, ‘‘म्हंजी खरं बोलत व्हता का त्यो?’’

‘‘कोण?’’

‘‘तुझा बाप. घरी आला त्या दिवशीच मी इचारलं, का केली सही? तर म्हनला, तूच तर कळवलंस. मी म्हनले, खोटं बोलता. दावा कार्ड. तर म्हनला, हरवलं.’’ मायचा आवाज कोरडा होता. ‘‘सही केली ती केली, म्हनले मी, आन् वर माझ्यावर ढकलायलाय. त्याचाच राग आला मला. सहीचा न्हाई एवढा. तवापास्नं मी बोलले न्हाई.’’

हे मैत्रीला माहीत नव्हतं. निरोप्याला सगळे निरोप ठाऊक असतात असं तिला वाटायचं. हा एक तिच्यावाचून दिला-घेतला गेला होता. कार्ड हरवलं नसणार हे तिच्या लगेच लक्षात आलं. कार्ड दाखवलं असतं तर ते वाचायला कुणीतरी लागलं असतं, शेजारचा कुणी, नाहीतर ती स्वतः. आणि मग मायनं तिची काय गत केली असती? ती रडायला लागली. सेहेचाळीस वर्षांची बाई, कोटासकट, फरशीवर बसून.

‘‘रडू नकोस,’’ माय म्हणाली. ‘‘काय लिवलंतंस? सबुदानं सबुद सांग.’’

‘‘माय, नको.’’

‘‘सांग म्हनते ना.’’

मैत्रीनं सांगितलं. नऊ वर्षांच्या आवाजात सांगता येत नव्हतं, म्हणून सपाट सांगितलं. ‘‘तीर्थरूप आबास. सही करून लवकर घरी या. आमचं भागत नाही. रात्री झोप येत नाही, भीती वाटते. तुमची फार फार आठवण येते. येताना पेपरमिंट आणा. आपली, द्रौपदा.’’

मायनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज निघाला. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. ‘‘पेपरमिट,’’ ती म्हणाली. ‘‘मी पेपरमिट मागनार? आन् आबास म्हननार मी माझ्या नवऱ्याला?’’ ती थांबली. ‘‘येडे, त्यो शाईर व्हता. कोनता बोल कोनाच्या तोंडचा, हे त्याला कळत नसंल व्हय? कार्ड हातात पडल्या पडल्या त्याला समजलं आसंल, हे माझं सांगनं न्हाई. पोरगी बोलावायलीय.’’

मैत्रीनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

‘‘त्याला कुनी फशिवलं न्हाई,’’ माय म्हणाली. ‘‘समजून उमजून आला त्यो. आन् मला तूच कळवलंस म्हनला, कार्ड हरवलं म्हनला, ते खोटंच बोलला. तुला सोडवायला. मी खोटारडा म्हनले, तर व्हताच की खोटारडा.’’ तिनं पदरानं तोंड पुसलं, डोळे नव्हे, तोंड, भाकरी खाल्ल्यावर पुसतात तसं. आतल्या खोलीत इरा फोनवर कुणाशीतरी खळखळून हसली. ‘‘तू ल्हान व्हतीस गं. तुझं काय न्हाई. मी व्हते की मोठी.’’

मैत्रीला हलकं वाटायला हवं होतं. सांगून टाकलं की हलकं वाटतं असं सगळे म्हणतात. तिला फक्त झोप येत होती. सदोतीस वर्षं जी चूक तिनं आपली म्हणून सांभाळली ती तिच्या एकटीची नव्हतीच. आबांनी ती त्याच दिवशी, तुरुंगात, काढून घेतली होती आणि तिला सांगितलंही नव्हतं. आता हातात काय उरलं हे तिला कळेना. ती उठून कोट काढणार एवढ्यात माय पुन्हा बोलली, तिच्याकडे न बघता, खिडकीबाहेरच्या समोरच्या इमारतीकडे बघत.

‘‘शेवटी दोन म्हयने पडून व्हता. तुला कुनी कळवलं न्हाई म्हनून तू माझ्यावर रागावलीस, आठवतं? माती झाल्यावर आलीस तू. मी बोलले व्हते त्याच्याशी. अठ्ठावीस वर्सांनी तोंड उघडलं मी. म्हनले, पोरीला बोलावू का? फोन लावते.’’

‘‘मग?’’

‘‘म्हनला, नगं. लेकराला बोलावू नगंस. बोलावलं की मानूस येतं, हातातलं सगळं टाकून.’’

मैत्री कोटाचं एक बटण धरून उभी राहिली.